आधीच्या ऋतूत करायची कामं: निसर्गाला आणि माणसांना जपणाऱ्या घराचं पहिलं वर्ष

ओल्या कचऱ्याचं खत घरीच करायचं ठरवलं, एका जुन्या पिंपाला भोकं पाडली आणि पहिला महिना सगळं नीट चाललं. मग पाऊस लागला. आठवड्याभरात पिंपाला वास सुटला, तळाशी काळं पाणी साचलं, झाकण उघडलं की चिलटं अंगावर येत. चूक कळायला वेळ लागला नाही. भाजीच्या ओल्या सालींवर टाकायला कोरडी पानं हवी होती आणि ती घरात नव्हती. थंडी सरताना झाडांनी ती ढिगाने गाळली होती, आणि मीच ती झाडून कचरागाडीत दिली होती.

तेव्हापासून माझ्या घरचं वेळापत्रक एका गोष्टीवर चालतं: प्रत्येक ऋतूचं काम त्याच्या आधीच्या ऋतूत करायचं. गळकी पन्हळ धो धो पावसात दुरुस्त होत नाही. ऐन उन्हात छत रंगवायला माणूस वर चढवणं म्हणजे आपल्या गारव्यासाठी त्याला भाजून काढणं. नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण इथेच अडतात. इच्छा असते, पण गरज समोर येते तेव्हा तयारी नसते, आणि मग हाताला येईल ते विकत आणलं जातं.

ऊन, पाऊस आणि थंडी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या महिन्यांत येतात, म्हणून इथे महिन्यांची नावं घेतलेली नाहीत. पहिल्या तीन पायऱ्या कधीही सुरू करता येतील. त्यानंतर तुमच्याकडे जो ऋतू येऊ घातलाय, त्याचा भाग आधी वाचा.

पायरी १: एक आठवडा नुसती नोंद

एक वही घ्या, अर्धी वापरलेली असली तरी चालेल. सात दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं.

विजेच्या मीटरचा आकडा रोज ठरावीक वेळी टिपा. एका रात्री झोपताना फ्रिज सोडून सगळं बंद करा आणि रात्रीचा आणि सकाळचा आकडा ताडून पाहा. फ्रिजच्या मानाने तो जास्त वाटला, तर कुठलं तरी यंत्र ‘बंद’ असूनही वीज खातंय. बटण दाबून बंद केलेला पण प्लगमध्ये असलेला सेट-टॉप बॉक्स किंवा स्पीकर सतत ५ वॉट घेत असेल, तर वर्षाला ४४ युनिट होतात. भिंतीवरचं बटण बंद करायची सवय लावली की हे वाचतात.

गळणाऱ्या नळाखाली तासभर भांडं ठेवा आणि जमलेलं पाणी मोजा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. आकडा ऐकून कुणी उठत नाही, भरलेलं भांडं बघितलं की माणूस प्लंबरला फोन करतो. संडासातल्या फ्लशच्या टाकीची गळती मात्र डोळ्यांना दिसत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. खालच्या भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय. तो बदलणं हे घरातल्या सगळ्यात सोप्या दुरुस्त्यांपैकी एक आहे. टाकी जुनी, मोठी असेल तर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली आत उभी करा, दर फ्लशला एक लिटर वाचतं. बाटली आतल्या तरफेला लागत नाही ना, एवढं पाहा.

कचऱ्याचं वजन करण्यासाठी पिशवी हातात घेऊन काट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. ओला आणि सुका कचरा वेगळा मोजा.

चौथी नोंद सर्वांत महत्त्वाची: टाकून दिलेलं अन्न आणि ते टाकण्याचं कारण. ‘जास्त शिजवलं’, ‘मागे राहिलं, दिसलंच नाही’, ‘मुलांना आवडलं नाही’ असं एका ओळीत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून. हॉटेलं आणि दुकानं मिळून उरलेल्या ४० टक्क्यांत येतात. म्हणजे आपल्या हातातला सगळ्यात मोठा उपाय ओट्यावरच आहे.

आठवडा संपला की वहीतली सगळ्यात मोठी नासाडी निवडा आणि तेवढ्या एकाच गोष्टीवर महिनाभर काम करा. पाच गोष्टी एकदम हाती घेतलेल्या लोकांना मी दुसऱ्या महिन्यात थकलेलं पाहिलंय.

पायरी २: महिनाभर ‘इको’ म्हणून काहीही विकत घेऊ नका

ही पायरी ऐकून नवीन माणूस थोडा हिरमुसतो. बांबूचा ब्रश, स्टीलची स्ट्रॉ, कापडी पिशव्यांचा संच हे सगळं घेतलं की सुरुवात झाल्यासारखी वाटते. पण प्रत्येक नव्या वस्तूमागे पाणी, वीज, वाहतूक आणि कुणाचे तरी श्रम असतात. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा सविस्तर हिशेब मांडला होता. सुती पिशवीला हवामानावरच्या परिणामात साध्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी गाठायला ५२ वेळा वापरावं लागतं. पाणी, ओझोन असे सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा. या हिशेबात समुद्रात आणि गटारात जाणारं प्लास्टिक धरलेलं नाही, म्हणून यातून ‘प्लास्टिकच बरं’ असा अर्थ काढू नका. अर्थ एवढाच की घरात आहे ती पिशवी, कुठल्याही कापडाची असो, फाटेपर्यंत वापरायची. कार्यक्रमांत फुकट मिळणारी अकरावी कापडी पिशवी नम्रपणे नाकारायची.

घरातले प्लास्टिकचे डबेही असेच. ते फेकून काचेच्या बरण्या आणल्या, तर ते डबे जातात कुठे? १९५० पासून २०१५ पर्यंत जगात जो प्लास्टिक कचरा झाला, त्यातला सुमारे ९ टक्केच पुनर्वापरात गेला, असं २०१७ च्या एका जागतिक अभ्यासात दिसलं. डबे कोरड्या वस्तूंसाठी, बियांसाठी, खिळ्यांसाठी वर्षानुवर्षं चालतात. गरम अन्न मात्र त्यात भरू नका.

महिना उलटल्यावरही एखादी वस्तू लागतेच आहे असं दिसलं, तर आधी उसनी मिळते का पाहा, मग जुनी, आणि शेवटी नवी. नवी घेताना सुटे भाग मिळतात का आणि उघडून दुरुस्त होते का हे दुकानातच विचारा. ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेलं दिसलं तर कुठे विघटन होतं हे वाचा. मक्यापासून किंवा उसापासून होणारं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास तापणाऱ्या औद्योगिक खत प्रकल्पात कुजतं. घरच्या पिंपात ते तसंच राहतं, आणि पेटच्या, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकच्या, कचऱ्यात मिसळलं तर तोही पुनर्वापर बिघडवतं. ‘नॅचरल’, ‘ग्रीन’, ‘अर्थ-फ्रेंडली’ या शब्दांवर मी तरी काही खरेदी करत नाही. त्यापेक्षा ज्यामागे तपासणी असते अशा खुणा ओळखायला शिका. कापडावरची ‘गॉट्स’ ही खूण किमान ७० टक्के सेंद्रिय धागा मागते, आणि कामगारांच्या परिस्थितीच्या अटीही घालते. सौंदर्यप्रसाधनांवरचा ‘लीपिंग बनी’ हा ससा प्राण्यांवर चाचण्या केल्या नसल्याचं सांगतो.

कपड्यांपाशी थोडं थांबतो, कारण माणसांविषयीचा विचार तिथे सर्वांत लवकर विसरला जातो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. तिच्यात कपडे शिवणारे ११०० हून अधिक लोक मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवलं गेलं, कारण माल वेळेवर द्यायचा होता. दर पंधरवड्याला नवी फॅशन हवी असते तेव्हा घाईचं ते ओझं शेवटी शिलाई यंत्रावर बसलेल्या माणसावर येतं. म्हणून माझा नियम साधा आहे. नवा कपडा किमान तीस वेळा घालणार असेन तरच घ्यायचा. शिवण उसवली तर त्याच आठवड्यात टाके घालायचे. आठवडा टळला की तो कपडा कपाटाच्या तळाशी जातो आणि विसरला जातो.

पायरी ३: ताटात काय आणि डब्यात काय

स्थानिक खा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. चांगलाच आहे, पण अपुरा आहे. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्के निघाला. ताटात काय आहे हे कुठून आलं यापेक्षा फार जास्त मोजलं जातं. १०० ग्रॅम प्रथिनं गोमांसातून घेतली तर सरासरी सुमारे ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो. वाटाण्यातून घेतली तर अर्ध्या किलोहून कमी. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत बांधतात, त्यामुळे त्यांना नत्रखत फारसं लागत नाही. मांस खाणाऱ्याने आठवड्यातले दोन-तीन दिवस कडधान्यांना दिले तरी फरक मोठा आहे.

वाहतुकीला एक अपवाद आहे, विमानाने येणारा माल. तेवढंच अंतर जहाजाने येणाऱ्या मालापेक्षा त्याचं उत्सर्जन सुमारे ५० पट असतं. ऋतू सोडून आलेली, लवकर नासणारी, तरीही अगदी ताजी दिसणारी फळं दूरदेशाहून आली असतील तर ती बहुधा उडून आलेली असतात. ऋतूचं फळ घेतलं की हा प्रश्नच उरत नाही. मासे खात असाल तर प्रजननाच्या काळात अंड्यांनी भरलेले आणि पूर्ण न वाढलेले मासे घेऊ नका. विकणारे सहसा खरं सांगतात, विचारायचा संकोच आपल्यालाच असतो.

साठवणुकीचं थोडक्यात सांगतो. पिकलेली केळी आणि सफरचंदं इथिलीन वायू सोडतात, त्यांच्याशेजारी पालेभाजी लवकर पिवळी पडते. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नका. पालेभाजी कोरड्या फडक्यात गुंडाळा. फ्रिज ४ अंशांवर ठेवा आणि डोळ्यांसमोरचा कप्पा ‘आधी संपवायचं’ म्हणून राखून ठेवा. पाकिटावरची ‘बेस्ट बिफोर’ तारीख चव आणि कुरकुरीतपणा कधीपर्यंत टिकेल हे सांगते. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख, ती मात्र पाळायची.

ऊन तापण्याआधी

थंडी ओसरत असतानाच छताकडे बघा. गडद छत उन्हाचा जेमतेम १० ते २० टक्के भाग परत फेकतं, ताजा पांढरा परावर्तक लेप ८० टक्क्यांच्या आसपास. धुळीने हा गुण कमी होतो, म्हणून दरवर्षी छत धुवावं लागतं. लेप देणं शक्य नसेल तर ज्या खिडक्यांवर दुपारनंतरचं ऊन येतं त्यांना बाहेरून सावली करा. चटई, जाळी, वेल, काहीही. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता घरात शिरलेली असते.

पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही. रिकाम्या खोलीत चालू राहिलेला पंखा उलट मोटरची उष्णता वाढवतो. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा ३० च्या आसपास. रोज १२ तास चालणाऱ्या पंख्यात महिन्याला साधारण १६ युनिटांचा फरक पडतो. पण चालू असलेला पंखा त्यासाठी काढून टाकू नका, तो बिघडेल तेव्हा बदला.

एसी असेल तर २६ अंशांवर लावा आणि सोबत पंखा फिरवा. एकेक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. याहून महत्त्वाची, आणि क्वचितच बोलली जाणारी गोष्ट गॅसची आहे. एसीत भरल्या जाणाऱ्या आर-३२ या वायूचा एक किलो हवेत सुटला तर १०० वर्षांच्या हिशेबाने तो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. आर-४१०ए तर २,००० किलोहून जास्त. म्हणून ‘गॅस कमी झालाय, भरून देतो’ असं कुणी म्हणालं की आधी गळती शोधून बंद करायला सांगा. बंदिस्त यंत्रातला गॅस आपोआप कमी होत नाही. यंत्र हलवताना किंवा मोडीत काढताना गॅस टाकीत काढून घ्यायला सांगा, हवेत सोडू देऊ नका.

कुंड्यांना आणि अंगणातल्या रोपांना पहाटे पाणी द्या आणि मातीवर पाच-सहा सेंटिमीटर कोरड्या पानांचा थर पसरा. पाणी कितीतरी हळू उडतं. एसीतून ठिबकणारं पाणी लादी पुसायला आणि झाडांना चालतं. पक्ष्यांसाठी पाणी ठेवणार असाल तर उथळ, पसरट भांडं सावलीत ठेवा, मधमाश्यांना बसता यावं म्हणून मध्ये दोन दगड ठेवा आणि भांडं रोज घासा. शेवाळलेल्या पाण्यातून पक्ष्यांमध्ये रोग पसरतात, त्यापेक्षा भांडं नसलेलं बरं.

आणि माणसं. भर दुपारी घरपोच जेवण मागवलं तर ते ऊन कुणाच्या तरी डोक्यावरून येतं. सामानाची वेळ सकाळची किंवा संध्याकाळची निवडा. कचरा उचलणाऱ्या, पार्सल आणणाऱ्या माणसाला दारात पाणी विचारा. घरकामाला येणाऱ्या व्यक्तीला उन्हाच्या दिवसांत वेळ बदलून हवी का, हे आपण होऊन विचारा. ती बहुधा आपण होऊन मागणार नाही.

पाऊस येण्याआधी

हे दोन-तीन आठवडे वर्षात सगळ्यात मोलाचे. छत झाडून घ्या, पन्हळीतला पाला काढा, सांधे तपासा. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. हे एक सूत्र लक्षात ठेवलं की बाकी सगळा हिशेब घरी होतो. १०० चौरस मीटरच्या छतावर २० मिलिमीटर पाऊस झाला तर २,००० लिटर, उडून आणि सांडून जाणारं सोडलं तरी १,६०० लिटर हाती लागतात. टाकी नसली तरी पन्हळीच्या तोंडाशी एक पिंप ठेवून सुरुवात करता येते. मोसमातल्या पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या, त्यात छतावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. पुढचं पाणी फ्लश, लादी आणि धुण्यासाठी वापरा, गाळल्याशिवाय आणि निर्जंतुक केल्याशिवाय पिऊ नका. पिंपाचं तोंड बारीक जाळीने घट्ट बांधा.

धोकादायक फांद्या छाटायच्या असतील तर आधी दहा मिनिटं झाडाखाली उभं राहून वर बघा. चोचीत काडी किंवा किडा घेऊन पक्षी एकाच जागी येत-जात असेल तर तिथे घरटं आहे. पिल्लं उडेपर्यंत ती फांदी राहू द्या. झाडाच्या बुंध्याभोवती फरशी किंवा काँक्रीट असेल तर निदान मीटरभर वर्तुळ मोकळं करून घ्या, नाहीतर पडलेला पाऊस मुळांपर्यंत पोचतच नाही.

पावसाच्या दिवसांत

आता त्या खताच्या पिंपाकडे येतो. ओला कचरा कचरा-डेपोत दबून हवेविना कुजला की मिथेन तयार होतो, आणि २० वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. घरी हवा लागू देऊन कुजवला तर मिथेन जवळजवळ होत नाही. पद्धत अशी:

१. बाजूंना आणि तळाला भोकं असलेलं पिंप छपराखाली, दोन विटांवर उभं करा. खाली ताट ठेवा.
२. तळाशी हातभर कोरडी पानं किंवा काड्या घाला, त्यावर मूठभर जुनं खत किंवा बागेची माती.
३. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाका आणि त्यावर आकारमानाने त्याच्या दुप्पट-तिप्पट कोरडी पानं. पानं कमी पडली तर छपाई नसलेल्या पुठ्ठ्याचे तुकडे चालतात.
४. चार-पाच दिवसांनी काठीने वर-खाली करा.
५. मूठभर माल दाबून पाहा. पिळलेल्या स्पंजाइतका ओलावा हवा. थेंब गळले तर आणखी पानं, भुगा झाला तर थोडं पाणी.

वास आला म्हणजे ओल्या कचऱ्यातला नायट्रोजन आणि पाणी जास्त झालंय, कोरड्या पानांतून मिळणारा कर्ब आणि हवा कमी पडलीय. पावडरी आणि द्रावणं बाजारात बरीच मिळतात, कोरडी पानं आणि काठी एवढ्याने काम भागतं. तेलकट शिजलेलं अन्न आणि हाडं सुरुवातीच्या वर्षी टाळा. दोन-तीन महिन्यांत मातीसारखा वास येऊ लागला की खत तयार.

डासांसाठी धूर आणि फवारे यांच्या आधी वहीत आठवड्याचा एक दिवस ठरवून टाका. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून कुंड्यांच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, टायर, डबे आठवड्यातून एकदा रिकामे केले की साखळी तुटते. पाणी ओतून देणं पुरत नाही. एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्महिने कोरडी असूनही जिवंत राहू शकतात, म्हणून कडा घासा. फवाऱ्यांनी मधमाश्या, चतुर, कोळीही मरतात, आणि चतुर तर डासच खातो. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी किंवा गॅम्बुसिया मासे उघड्या तळ्यात, ओढ्यात सोडू नका. परके मासे तिथल्या बेडकांच्या आणि छोट्या माशांच्या जिवावर उठतात.

रोपं लावायची तर पावसाच्या सुरुवातीला, म्हणजे पुढचं ऊन येण्याआधी मुळं खोल जातात. आपल्या भागात आपोआप वाढणारी जात निवडा. शेजारच्या मोकळ्या जागेत काय उगवलंय ते बघणं ही चांगली सुरुवात. एक रोप लावून दोन उन्हाळे जगवणं हे दहा रोपं लावून विसरण्यापेक्षा जड काम आहे, म्हणून एकच लावा.

कपडे वाळत नाहीत म्हणून ड्रायर घ्यावासा वाटतो. दोन कपड्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा, पंख्याखाली टांगा आणि खिडकीची फट उघडी ठेवा. पुरतं.

थंडीत आणि थंडी सरताना

थंडीत वीज कशावर जाते हे बहुतेकांना चुकीचं वाटतं. १५ लिटर पाणी २० अंशांनी तापवायला सुमारे ०.३५ युनिट लागतं. तेवढ्या विजेत ९ वॉटचा एलईडी दिवा ३९ तास जळतो. घरातले दिवे बंद करत फिरणारी माणसं शॉवरखाली पंधरा मिनिटं उभी राहतात, ते या हिशेबाशी जुळत नाही. अंघोळीचं गरम पाणी भांड्यात मोजून घ्या. गीझर लागेल तेवढाच वेळ चालू ठेवा आणि घरातल्यांनी पाठोपाठ अंघोळी उरका. छतावर ऊन येत असेल तर सौर हीटर हा या लेखातला एकमेव मोठा खर्च आहे जो मी मनापासून सुचवेन. कपडे मात्र थंड पाण्यात धुवा. गरम पाण्याच्या धुण्यात बरीचशी वीज पाणी तापवण्यातच जाते.

दिवसा उन्हाच्या बाजूचे पडदे उघडे, सूर्य कलला की बंद. दाराखालच्या फटीला जुन्या कापडाची गुंडाळी. हीटरचं बटण दाबण्याआधी अंगावर आणखी एक थर चढवा.

फ्लीससारखे उबदार कपडे बहुतेक पॉलिएस्टरचे असतात. सूक्ष्म कणांच्या रूपातच समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के कृत्रिम कपडे धुण्यातून येतं, असा अंदाज आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने २०१७ मध्ये मांडला. असे कपडे कमी वेळा, मशीन पूर्ण भरून, थंड पाण्यात, कमी वेगावर धुवा. लोकर तर उन्हात आणि वाऱ्यावर टांगली की पुन्हा वापरता येते. गरम कपडे कुणाला द्यायचे असतील तर थंडी सुरू होण्याआधी द्या. धुऊन, बटणं लावून, चेन दुरुस्त करून द्या. आपण स्वतः घालणार नाही असा कपडा दान म्हणून देऊ नका, त्याची पुसणी करा.

थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि धूर त्या वरच्या उबदार हवेखाली अडकून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मर्यादेप्रमाणे पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं, चोवीस तासांचं प्रमाण घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि कोपऱ्यावर पेटवलेला पाल्याचा एक ढीग आसपासच्या घरांत ही मर्यादा सहज ओलांडायला लावतो. पेटवणारा बहुतेक वेळा सफाई कामगार असतो आणि ऊब घेत असतो, किंवा तेवढा पाला वाहून न्यायला त्याच्याकडे गाडी नसते. त्याच्यावर ओरडू नका. पाला तुम्ही मागून घ्या.

हाच तो पाला. गोणपाटाची किंवा जाळीची पोती घ्या, प्लास्टिकच्या पोत्यात पानं घामेजतात. दुपारी, दव उडाल्यावर भरा आणि पायाने दाबा. चार माणसांच्या घराला पावसाळ्यापुरती चार-पाच पोती लागतात. ती छपराखाली, जमिनीपासून उचलून ठेवा, स्वयंपाकाच्या गॅसपासून आणि विजेच्या मीटरपासून दूर. जाड, चिवट पानं वेगळी काढा, ती कुजायला जास्त वेळ घेतात आणि मातीवर पसरायला उत्तम. याहून जास्त मिळाली तर बागेच्या कोपऱ्यात जाळीचं कुंपण करून ढीग करा, पाणी मारा आणि सोडून द्या. वर्षभरात, कधी दोन वर्षांत, त्याची काळी भुसभुशीत पानमाती होते.